पोटाला कशाला बोल लावता?

डॉक्टर मॅडम,
विषय असा आहे की घरातही मोठ्याने बोलता येत नाही. माझ्या तोंडाला वास येतो. वय 36, राहायला भांडुपला, नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजन्सीत. दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेत होते, तर तो म्हणाला, "आई, तू जरा लांबून सांग ना." सात वर्षांचं पोर, खोटं कशाला बोलेल? नवऱ्याला विचारलं तर "काहीतरीच काय" म्हणून तो मोकळा. तेव्हापासून ऑफिसात मी तोंडावर हात धरून बोलते. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींच्या टेबलावर बसणं सोडलं, काम आहे म्हणून सांगते. लोकलमध्ये समोरच्या बाईने मान फिरवली की वाटतं, माझ्यामुळेच.

सासूबाई म्हणतात, पोट साफ नाही म्हणून होतं. रोज रात्री त्रिफळा चूर्ण घेते, मध्ये एरंडेलही झालं. पोट साफ झालं, वास आहे तिथेच. आमच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आता एंडोस्कोपी करून बघू म्हणतात. हिरड्यांतून रक्त येतं, ते गरोदरपणापासूनच, म्हणून मागच्या दाढांकडे ब्रश फारसा नेत नाही. सासूबाई मशेरी लावतात, मलाही म्हणतात, "चार दिवस लाव, हिरड्या घट्ट होतील." मैत्रीण म्हणते, डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. मला बारमाही सर्दी, नाक चोंदलेलं, सर्दीची गोळी घेतल्याशिवाय रात्री झोप नाही. पाणी कमीच पिते, कारण ऑफिसातलं टॉयलेट दोन मजले खाली. चहा मात्र चार-पाच वेळा होतो. दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळते. नक्की करू काय?
– एक वाचक, भांडुप

ताई,

एंडोस्कोपी तूर्त राहू द्या. एरंडेल तर आजच बंद करा.

तोंडाचा वास आणि पोट यांची सोयरीक आपल्याकडे कोणी जुळवली देव जाणे, पण ती मोडता मोडत नाही. माझ्याकडे या तक्रारीसाठी येणारी माणसं आधी वर्षभर पोटाचे उपाय करूनच आलेली असतात. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास खाली जाताना उघडते, ढेकर येताना उघडते, बाकी वेळ बंद. पोटातली हवा सतत तोंडात येत राहावी अशी सोयच शरीरात नाही. बोलताना बाहेर पडते ती फुप्फुसातली हवा, आणि ती वाटेत तोंडातला वास उचलून आणते. कायम दुर्गंधीची तक्रार असलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांचं कारण तोंडातच सापडतं. उरलेल्यांत नाक, घसा, टॉन्सिल्स, आणि पोटाचा नंबर बराच मागे लागतो. छातीत जळजळ, आडवं झालं की घशाशी आंबट पाणी, सारखे ढेकर, असं काही असतं तर मी पोटाकडेही बघा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात त्यातलं अक्षर नाही. उलट चूर्णाने पोट साफ झालं आणि वास हलला नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तो प्रयोग झाला की. निकालही लागला.

आता आरशासमोर उभ्या राहा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि जीभ जमेल तितकी बाहेर काढा. पुढचा भाग गुलाबी दिसेल. मागे घशाकडे जाताना पांढरट-पिवळट थर दिसेल. त्या भागावर जिभेचा पृष्ठभाग खडबडीत असतो, खाचाखोचा असतात, आणि तिथे टाळू नीट घासली जात नाही. मरून गळलेल्या पेशी, अन्नाचे कण, नाकातून मागे उतरणारा शेंबूड, हिरड्यांतलं रक्त, सगळं तिथे साठतं. या सगळ्यात प्रथिनं असतात. खाली खोल दडलेले, हवेचा प्राणवायू न मानवणारे जंतू ती प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. घरातला गॅस गळला तर कळावं म्हणून सिलिंडरमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. आता कळलं ना, एवढासा वासही समोरच्याच्या नाकाला का झोंबतो ते?

हेच जंतू दात आणि हिरडीच्या मधल्या फटीतही राहतात. हिरडी सुजली की ती फट खोल होते आणि त्यांना आणखी मोठं घर मिळतं. मिथाइल मरकॅप्टन हिरडीचा आजार असलेल्यांमध्ये जास्त सापडतो. तुमचा वास कुठून येतो याचा माझा अंदाज इथेच आहे: जिभेचा मागचा भाग आणि मागच्या दाढांच्या हिरड्या. तपासल्याशिवाय शपथ घेणार नाही, पण तुम्ही पत्रात सगळे पुरावे ओळीने मांडून ठेवलेत, स्वतःला न कळत.

त्यातला पहिला पुरावा मुलाचा. तो बोलला संध्याकाळी. सकाळी उठल्या उठल्या वास सगळ्यांच्याच तोंडाला असतो, अगदी दात घासण्याच्या जाहिरातीतल्या नटीच्याही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. लाळ ही तोंडाची मोलकरीण, दिवसभरात अर्धा ते दीड लिटर तयार होते, कण धुऊन नेते, जंतूंना आवर घालते, वायू स्वतःत विरघळवते. ती कमी पडली की वास वाढला. सकाळचा वास दात घासून, चहा-नाश्ता झाला की जायला हवा. संध्याकाळी साडेसात-आठलाही असेल, तर त्या दिवसभरात तोंडाचं काय झालं ते बघायचं.

आणि तुमच्या तोंडाचं दिवसभरात काय होतं? घरातून निघालात की पाणी नाही, कारण लोकलमध्ये सोय नाही, स्टेशनवरच्या टॉयलेटचं नाव काढायला नको, आणि ऑफिसातलं दोन मजले खाली. मुंबईतल्या नोकरदार बायका पाण्याचा हिशेब टॉयलेटवर बेततात, हे माझ्या खुर्चीवर बसलेल्या कितीतरी जणींकडून ऐकलंय. यात तुमची चूक नाही, पण तोंड कोरडं पडतं ते पडतंच. त्यावर चार-पाच गोड चहा. त्यावर नाक बंद म्हणून तोंडाने श्वास, म्हणजे होती ती लाळही सुकली. आणि रात्री सर्दीची गोळी. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत असं औषध असतं जे नाकाचं पाणी थांबवतं. ते फक्त नाकाचंच थांबवत नाही, लाळही आटवते. ती गोळी कोणती, किती वर्षं घेताय, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. बारमाही सर्दी म्हणजे बहुधा ॲलर्जी किंवा सायनस, किंवा नाकाचा पडदा वाकडा. त्याला रोज रात्री मेडिकलमधून आणलेली गोळी हे उत्तर नव्हे. तुमच्या वाटणीचं एंडोस्कोपीचं बजेट मी तिकडे वळवीन.

पाण्याचं एवढं करा: एकदम बाटली रिकामी करू नका, नाहीतर मग स्टेशन येईपर्यंत जीव टांगणीला. घोट घोट घ्या, तासा-दीड तासाने, आणि गिळण्याआधी तोंडात फिरवा. प्रत्येक चहानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. चूळ भरायला दोन मजले उतरावं लागत नाही, ऑफिसात पँट्रीचं सिंक असेलच.

वास खरंच आहे का, हे कसं ओळखायचं? तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ओंजळीत फुंकर मारून काही कळत नाही. स्वतःच्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं. ज्याला वास आहे त्याला तो येत नाही, आणि ज्याला नाही तो आयुष्यभर तोंडावर हात धरून फिरतो. दुसऱ्या प्रकारची माणसंही मी बरीच पाहिली आहेत, त्यांना दाताच्या नव्हे, मनाच्या डॉक्टरची गरज असते. तुम्ही त्यातल्या नाही, असं मला पत्रावरून वाटतं. पण लोकलमधल्या बाईने मान फिरवली हा पुरावा मी धरणार नाही. सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये मान फिरवायला जागा मिळाली तर माणूस फिरवणारच, समोर कोणीही असो.

घरी करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. स्टीलचा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून एकदा हलकेच ओढा, जे निघेल ते दहा-पंधरा सेकंद वाळू द्या आणि मग हुंगा. दुसरी, मागच्या दोन दाढांच्या मध्ये फ्लॉसचा दोरा घाला, बाहेर काढा आणि तो हुंगा. ज्या फटीतला दोरा घाण वास मारतो, तिथे दुखणं आहे. हे डॉक्टरला नेमकं सांगता येतं. "वरच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेमागे" असं सांगणारा रुग्ण आला की आमचं निम्मं काम झालं.

तिसरा उपाय म्हणजे माणूस. आम्हीही शेवटी नाकानेच तपासतो. मोजायची यंत्रं आहेत, पण अनुभवी नाकाला अजून तोड नाही. शून्य ते पाच असे गुण द्यायची पद्धत आहे, शून्य म्हणजे काहीच नाही आणि पाच म्हणजे असह्य. नवऱ्याला तेच सांगा. "वास येतो का रे?" म्हटलं की कुठलाही शहाणा नवरा नाहीच म्हणणार, त्याला त्याच घरात राहायचंय. "संध्याकाळी आल्यावर, चहाच्या आधी, शून्य ते पाच गुण दे, मनाला लावून घेणार नाही" म्हटलं की सुटका होते. पुन्हा एक महिन्याने त्याच वेळी विचारा. आकडा उतरला की नाही ते कळेल. मुलाला परीक्षक करू नका, तो शाळेत जाऊन निकाल जाहीर करेल.

आता हिरड्या. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त खुपलं ते हे की रक्त येतं म्हणून तुम्ही मागे ब्रश नेत नाही. नेमकं उलट व्हायला हवं. घासल्यामुळे रक्त येत नाही, न घासल्यामुळे येतं. दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर राहिला की हिरडी सुजते, लाल होते, नुसता ब्रश लागला तरी रक्त सोडते. आपण घाबरून तिथे ब्रश नेत नाही, थर वाढतो, रक्त आणखी येतं, आपण आणखी घाबरतो. आणि ते रक्त पुन्हा त्याच जंतूंचं जेवण. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात, ते बहुतेकींचं बाळंतपणानंतर निवळतं. तुमचं सात वर्षांनीही निवळलं नाही, कारण मधल्या काळात तो थर कडक झाला असणार. त्यालाच आम्ही टार्टर म्हणतो. तो झाला की ब्रशने निघत नाही, लिंबाने नाही, मिठाने नाही, कोळशाच्या पावडरीने तर नाहीच, उलट दाताचं कवच घासलं जातं. तो डॉक्टरनेच काढायचा.

म्हणजे क्लीनिंग. त्याने दात हलतात ही समजूत मी गावातही ऐकली आणि मलबार हिलवरच्या रुग्णांकडूनही. होतं असं की टार्टर दाताच्या फटी भरून बसलेला असतो. तो काढला की फटी रिकाम्या होतात, जिभेला तिथे खड्डा लागतो, काही दिवस गार पाणी लागलं की कळ येते. ज्यांचे दात मुळातून आधीच सैल झालेत, त्यांना टार्टरने तात्पुरता टेकू दिलेला असतो. टेकू निघाला की सैलपणा जाणवतो. म्हणून टेकू ठेवावा का? त्याच्याखालचं हाड रोज थोडं झिजतंय, त्याचं काय? कळ आठवडा-दोन आठवड्यांत जाते, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरली तर लवकर.

जायचं कुठे? तुमच्या ऑफिसापासून सरकारी दंत महाविद्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे, सीएसएमटीच्या पूर्वेला, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात. तुम्ही रोज त्याच्या जवळून जात असाल. दुसरं मुंबई सेंट्रलला, महापालिकेचं नायर दंत रुग्णालय. दोन्हीकडे सकाळी केसपेपर काढावा लागतो, गर्दी असते, आणि हात लावणारे बऱ्याचदा शिकणारे विद्यार्थी असतात. शिक्षक तपासायला असतात. खासगी दवाखान्यापेक्षा वेळ जास्त जातो, खर्च फार कमी होतो. वेळ नसेल तर भांडुपमधला कुठलाही चांगला दंतवैद्य चालेल, त्यासाठी फोर्टला जायची गरज नाही. कुठेही गेलात तरी एक गोष्ट मागून घ्या: हिरड्यांचे पॉकेट मोजून द्या म्हणावं. बारीक सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात, ती दात-हिरडीच्या फटीत घालून खोली बघतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार-पाचच्या पुढे गेलं तर वरवरचं क्लीनिंग पुरत नाही, मुळाशी खोल साफ करावं लागतं. किडलेल्या दाढा, जुन्या सैल कॅपखाली अडकणारं अन्न, अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, हेही त्याच वेळी बघून घ्या. अक्कलदाढेवर हिरडीचं झाकण असेल तर त्याखाली जे साठतं त्याचं वर्णन मी इथे करत नाही, कोणी जेवताना वाचत असेल.

जाताना लसूण-कांदा खाऊ नका, त्या सकाळी पेपरमिंट, वेलची, माउथवॉश काही नको. नाहीतर डॉक्टरला वेलचीचाच वास येईल आणि तो म्हणेल, सगळं छान आहे.

मधल्या काळात रोजचं. सकाळपेक्षा रात्रीचं घासणं महत्त्वाचं, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलंच नाही. रात्री जेवण झालं, ओटा आवरला, मग दोन मिनिटं, मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या रेषेवर तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलवायचे, करवतीसारखं मागे-पुढे नाही. सुरुवात मागच्या दाढांपासून करा, आपण सगळे पुढून सुरू करतो आणि मागे पोचेपर्यंत कंटाळा येतो. रक्त येईल. येऊ दे. नुसती सूज असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होताना दिसतं. नाही झालं तर टार्टर आहे म्हणून समजा आणि केसपेपर काढा. दातांच्या फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश बरा, मेडिकलमध्ये मिळतो.

मग जीभ. टंग क्लीनर बहुतेक घरात असतो, पण लोक तो जिभेच्या मध्यापासून पुढे ओढतात, म्हणजे जिथे काही नसतं तिथे. मागून सुरू करायचं. उलटीसारखं होतं, म्हणून आपण टाळतो. युक्ती अशी: जीभ पूर्ण बाहेर काढा, दुसऱ्या हाताने रुमालात टोक धरा, श्वास हळूहळू बाहेर सोडत सोडत क्लीनर ओढा. श्वास सोडत असताना ओकारी कमी येते. दोन-तीनदा, हलक्या हाताने, प्रत्येक वेळी क्लीनर धुऊन. रक्त काढायचं नाही, जीभ म्हणजे करपलेली कढई नव्हे. चार-सहा दिवसांत घसा सरावतो. माझ्या मते पत्रातल्या सगळ्या उपायांपेक्षा तुम्हाला हा एक जास्त गुण देईल, आणि त्याला फार तर वीस-पंचवीस सेकंद लागतात.

माउथवॉशबद्दल विचारलं नाहीत, पण पेपरमिंटवरून पुढचा मुक्काम तोच असतो. लिस्टरिन 1879 साली बनलं ते शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून. 1920च्या दशकात अमेरिकेत कंपनीने जाहिरातींचा धडाका लावला, त्यात एक मुलगी दाखवायची, जिचं तोंडाच्या वासापायी लग्नच जमत नाही. खप तुफान वाढला. घाबरवून विकायची ती रीत शंभर वर्षांनी अजून चालूच आहे. माउथवॉशने वास काही तास दबतो, जस्त असलेल्यांनी थोडा जास्त वेळ, कारण जस्त त्या गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडिनचं औषधी माउथवॉश डॉक्टरने दिलं तरच घ्या, साधारण दोन आठवडे, पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने. जास्त दिवस घेतलं तर दात तपकिरी दिसू लागतात आणि वरणाची चव लागत नाही.

पेपरमिंट मात्र बंद. साखरेच्या गोळ्या दिवसभर चघळणं म्हणजे कीड लावून घ्यायची सोय. चघळायचंच तर बडीशेप चघळा, लवंग एखादी, किंवा साखर नसलेलं च्युइंग गम, चघळण्याने लाळ सुटते हा खरा फायदा. लसणाचं वेगळं आहे. वडापावची सुकी चटणी खाल्ली की त्यातला एक गंधकी पदार्थ रक्तात जातो आणि तासन्‌तास फुप्फुसातून बाहेर येत राहतो, ब्रश करून काही होत नाही. सोबत किंवा लगेच नंतर दूध, दही, कच्चं सफरचंद खाल्लं तर कमी होतो. सुकट, बोंबील, मुळा हेही तात्पुरतंच, त्याची लाज वाटून घेऊ नका. निर्जळी किंवा लांबलेल्या उपवासाच्या दिवशी वास वाढतो, लाळ कमी आणि शरीर चरबी जाळू लागलेलं.

हे सगळं करून, दात-हिरड्या डॉक्टरने नीट करून देऊन, दोन महिन्यांनीही नवऱ्याचे गुण उतरले नाहीत, तर कान-नाक-घसावाल्यांना टॉन्सिल्स बघायला सांगा. टॉन्सिलच्या खळग्यांत पिवळट खडे साठतात, कधी खोकल्याबरोबर बाहेर पडतात, आणि बोटाने चिरडले तर काय वास येतो ते विचारू नका. आणि साखर तपासून घ्या, ते तर आत्ताच करा. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. श्वासाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास आणि सोबत खूप तहान, उलट्या, धाप असेल तर तो दंतवैद्याचा विषय नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. लघवीसारखा वास मूत्रपिंडाच्या आजारात येतो. तुम्हाला यातलं काही असेल असं वाटत नाही, पण हे सदर तुम्ही एकट्याच वाचत नाही.

राहिली मशेरी. ती लावायची नाही, चार दिवस नाही, एक दिवससुद्धा नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती, आणि चार दिवसांत तिची तलफ लागते, मग सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, हे चक्र कुठल्याही घरात बघा. हिरड्या "घट्ट" झाल्यासारख्या वाटतात त्याचं कारण आहे: तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे रक्त कमी दिसतं. आत हाड झिजत राहतं, फक्त बाहेर सांगणारं कोणी उरत नाही. सासूबाईंशी यावरून भांडू नका, सांगून ऐकणार नाहीत. त्यांनाच बरोबर घेऊन जा. "आई, माझ्यासोबत चला, मला एकटीला भीती वाटते" म्हटलंत तर नाही म्हणणार नाहीत. केसपेपर दोघींचा काढा. इतकी वर्षं मशेरी लावणाऱ्या माणसाचं तोंड दरवर्षी तपासायला हवं: गालाच्या आत किंवा ओठाखाली न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तोंड उघडायला कमी होणं, तिखट लागलं की जळजळ. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर पुढे पाठवतील. आणि नसेल, तर निदान मशेरी सोडायचं डॉक्टर सांगेल, सून नाही.

जेवणाच्या टेबलाचं. तिथे उद्यापासूनच बसा, उपचार पूर्ण व्हायची वाट बघू नका. जेवताना लाळ भरपूर सुटते, चावण्याने जीभही घासली जाते, त्यामुळे दिवसात तोंड सर्वांत बरं असतं ते जेवणानंतरच्या तासाभरात. म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच वेळी लांब जाऊन बसताय. डब्यात लसणाची चटणी नेत असाल तर सगळ्यांना वाढा.